मारणाऱ्याचं काम

तुळशीची लग्नं लागली की आमच्या गोदामाचं दार दिवसभर बंद होत नाही. टेम्पो भरतो, टेम्पो रिकामा होतो. धंदा आता मुलगा बघतो. त्याच्या हातात आल्यापासून बांबू गेले, सुंभ गेलं, लोखंडी सांगाडे आले. ते पान्याने आवळायचे. हळदीला सगळ्यांनी एकाच पिवळ्या रंगाचे कपडे घालायचे, फोटो काढायला फुलांची वेगळी चौकट, आणि दाराशी काळ्या टी-शर्टातले दोन आडदांड इसम, तेही भाड्याने. परवा मी विचारलं, "हे कशाला?" मुलगा म्हणाला, "आई, हळद आहे. भांडणं होतात."

जणू हा शोध त्याने लावला.

माणिकपूरचं हे मंडप-भांड्यांचं दुकान सासऱ्यांनी काढलेलं. आमचे हे मुंबईला नोकरीत रमले, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं आणि मला आवडलं. गावातली प्रत्येक हळद, प्रत्येक बारावं माझ्या टोपांतून जेवून गेलंय. कोणाच्या घरात काय शिजतंय हे मला शब्दशः माहीत असायचं. आमच्याकडे हळदीला अख्खी भाऊबंदकी एका मांडवाखाली येते. वर्षभर बांधावर जे बोलायचं राहिलं ते तिथे, पोटात दारू आणि पानात मटण पडल्यावर बाहेर निघतं. शेजारच्या ख्रिस्ती गावातली मुलं लालबुंद तोंडाने ट्रम्पेट फुंकत असतात. बँड मध्येच थांबला की समजायचं, पहिला हात पडला. मग बायका आधी पोरं उचलतात, नंतर ताटं.

दुसऱ्या दिवशी सामान परत आलं की कोणी काही सांगायची गरज नसायची. तेव्हा खुर्च्या लोखंडी होत्या, मिटवायच्या. खुर्चीचा पाय वाकला असेल तर कोणीतरी जाडजूड माणूस बसलं. पाठ वाकली असेल तर ती कोणाच्या तरी पाठीत बसली. दोन्ही वाकलं असेल तर सख्खे भाऊ.

मी काही घाबरणारी बाई नाही. एकदा आमच्या वाढपी मुलीचा हात धरणाऱ्या एका पाहुण्यावर मी झारा उगारलाय. उगारलाय म्हणजे मारलाय. तेल गरम होतं.

या दिवसांत मला नेहमी एकच लग्नसराई आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सकाळी धुकं असायचं, त्यात केळीच्या वाड्या आणि अर्धवट उभ्या इमारती सारख्याच हिरवट दिसायच्या. खाडीकडून चिखलाचा वास यायचा. दुपारी सिमेंटच्या गाड्या धूळ उडवत जायच्या आणि त्यांच्या मागे पाण्याचे टँकर, गळत, रस्त्यावर ओली रेघ ओढत. त्या वर्षांत वसईची हवाच तापट होती. कोणाच्या जमिनीवर कोणाचं कुंपण उगवायचं, मग कुंपण उखडलं जायचं, मग उखडणाऱ्याचं डोकं फुटायचं. एकदा भर दुपारी नाक्यावर एका माणसाला चौघांनी सळयांनी मारलं. दुकानांची शटरं खडाखड खाली आली. मार थांबल्यावर पुन्हा वर गेली. वडेवाल्याने कढईतला घाणा मात्र जळू दिला नव्हता. मी तिथेच होते, नारळ घेत होते. नारळवाला म्हणाला, "वहिनी, सोलून देऊ का?" मी म्हटलं, "दे."

त्याच मोसमात निरंजन आला. पुण्याकडचा, तिशीच्या आतला, नाकावर घसरणारा चष्मा. नालासोपाऱ्याला स्वस्तात खोली घेऊन राहत होता आणि चित्रपट काढायचा म्हणत होता. नाच-गाण्याचा नव्हे, दुसऱ्या प्रकारचा. असा की बघून आल्यावर कोणी काही बोलत नाही. भांडवल म्हणजे मित्रांकडून गोळा केलेलं, नट म्हणजे मिळेल तो. त्याला चहाची किटली, दोन टेबलं आणि रिकामी जागा हवी होती. जागा गोदामात होती.

"गोष्ट काय आहे?" मी विचारलं.

"दोन भाऊ आहेत, वहिनी. जमिनीवरून मोठा भाऊ धाकट्याला मारतो. जिवानिशी. बस."

"एवढंच?"

"एवढंच. पण मारणारा माणूस खरा हवा. मुंबईचे नट बघितले मी. ते मारायच्या आधी तोंड वेडंवाकडं करतात, मग हात उचलतात. आधी सूचना देऊन कोण मारतं?"

हे त्याचं बरोबर होतं. मी पाहिलेल्या मारांपैकी निम्म्यांत मारणाऱ्याचा चेहरा अगदी साधा होता, बस चुकलेल्या माणसासारखा.

तर मुख्य भूमिकेची निवड आमच्या गोदामात सुरू झाली. मधल्या खांबाला एक गादी गुंडाळून उभी बांधली. कोणीही यावं, गादीला भाऊ समजावं आणि मारावं. निरंजनच्या मित्राचा छोटा व्हिडिओ कॅमेरा तिपाईवर. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. व्यायामशाळेतला एक पोरगा दंडाला तेल लावून आला. त्याने गादी इतकी बडवली की शिवण उसवून कापूस उडाला, आणि तो मध्ये मध्ये कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करत होता. चित्रकलेचे एक मास्तर आले. त्यांनी फार मनापासून मारलं आणि झाल्यावर गादीला "लागलं नाही ना?" असं विचारलं. ते त्यांचं स्वतःचं होतं की भूमिकेतलं, हे निरंजनला ठरवता येईना. एका बिल्डरच्या ऑफिसात दिवसभर नुसता बसून राहणारा एक जण आला, गळ्यात साखळी, बरोबर दोन साथीदार. तो म्हणाला, "मारायचं आमाला नका शिकवू." गादीसमोर उभा राहून त्याने आधी तिला दोन शिव्या दिल्या. गादी उलटून काही बोलली नाही, म्हणून त्याला पुढे सुचेना.

साथीदारांपैकी एक कुजबुजला, "भाई, तिला बोलू द्या की आधी."

मी हसले. त्या काळात अशा माणसाला हसणं शहाणपणाचं नव्हतं, पण हसू आलं.

असे बरेच आले. दुपार झाली की गोदामात तेलाचा, घामाचा, जुन्या सतरंज्यांचा आणि कापसाचा वास कोंडायचा. मी कोपऱ्यात टोप मोजून घेत असायचे आणि पाठीमागे धप्प, धप्प. मला एक गोष्ट तेव्हा कळली. गावात रागावलेली माणसं किती होती! गादीला मारताना त्यातल्या प्रत्येकाला समोर कोणीतरी दिसत होतं. कोणाला बाप, कोणाला भागीदार, एकाला बहुतेक बायको, कारण त्याने मारता मारता "आता बोल, आता बोल" म्हटलं. त्याला मी बाहेर काढलं आणि त्याच्या बायकोला दुसऱ्या दिवशी भांडी घासायच्या कामावर घेतलं. ती आजही आमच्याकडे आहे.

हे सगळं चालू असताना एक माणूस दाराशी बादलीत सुंभ भिजवत बसलेला असे. जनार्दन, सगळे त्याला जनू म्हणत. आमचा मंडप बांधणारा. चाळिशीचा, सडसडीत, मितभाषी. निरंजनने त्याला दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, यांना उभं करू?"

"तो नको."

"का?"

"कारण त्याने मारलंय."

निरंजनच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आवडली नाही. पण अर्धं सांगून सोडणं मला जमत नाही, म्हणून पूर्ण सांगितलं.

जनू आणि मोरेश्वर हे सख्खे भाऊ. जनू थोरला. दोघांत मिळून केळीची एक वाडी आणि एक विहीर. नालासोपाऱ्याला इमारती उठल्या, त्यांच्या नळांना पाणी नव्हतं, म्हणून टँकरवाले गावोगाव विहिरी शोधत फिरायला लागले. मोरेश्वरने त्यांना विहीर दिली. त्याचंही खोटं नव्हतं. घरात आजारपण होतं आणि केळीवर कोणाचं भागत नव्हतं. पंप सारखा चालू. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत खाडीचं पाणी उतरलं. पाणी खारट झालं आणि उभी वाडी करपली. केळीचं झाड मरतं तेव्हा पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात आणि वारा आला की ती कागदासारखी वाजतात. जनू तो आवाज ऐकत तीन-चार दिवस वाडीत बसून होता. मग उठला, पंपाशी वाकलेल्या भावाकडे गेला आणि त्याने लोखंडी पाइप उचलला. आम्ही धावलो तेव्हा मोरेश्वर पाण्यात पालथा होता आणि पंप चालूच होता, त्यामुळे पाणी वाहत राहिलं, आधी लाल, मग फिकट. त्याचा डावा डोळा गेला.

दवाखान्यात पोलीस आले. मोरेश्वरने सांगितलं, शेवाळावरून पाय घसरला, पंपावर पडलो. दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. जनू सुटला. त्या दिवसापासून मोरेश्वरने त्याच्याशी बोलणं टाकलं. शिव्याही नाहीत. रस्त्यात समोर आला तर झाड आल्यासारखा बाजूने निघून जायचा. जनूने वाडी सोडली आणि माझ्याकडे बांबू बांधायला लागला, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती.

आणि निरंजन आला त्याच मोसमात मोरेश्वरच्या सुजाताचं लग्न होतं. एकुलती एक मुलगी. जनूला स्वतःचं मूल नाही, सुजाता लहानपणी त्याच्याच खांद्यावर असायची. मोरेश्वर माझ्याकडे मांडव ठरवायला आला तेव्हा काळा चष्मा न काढता म्हणाला, "वयनी, मांडव तुजाच. पन बांधायला तो नको."

"चांगला बांधणारा माझ्याकडे तोच आहे, मोरेश्वरभाऊ."

"वाकडा बांध, पन दुसऱ्याकडून बांध."

आमच्याकडे मांडवाची पहिली मेढ, म्हणजे आंब्याची डहाळी बांधलेला खांब, मुलीचा बाप आणि चुलता मिळून खड्ड्यात उभी करतात. दोघांचे हात तिला लागावे लागतात. चुलता वारला असेल तर कोणी काही बोलत नाही. चुलता जिवंत असून आला नाही, तर मुलीच्या सासरी पहिल्याच दिवशी विचारतात. जनूला मी निरोप सांगितला. तो गाठ मारत होता, ती पुरी केली. म्हणाला, "मेढीला हात लागला असता तर बास होतं, वयनी. जेवायला नसतं बोलावलंन तरी चाललं असतं." त्या मोसमात तोवर जनूच्या तोंडून मी ऐकलेलं हेच सगळ्यात लांब बोलणं.

निरंजनने हे ऐकून घेतलं आणि तरीही जनूला जाऊन विचारलं. तरुण माणसांना, विशेषतः कलेतल्या, दुसऱ्याची जखम म्हणजे तयार सामान वाटतं. मी म्हटलं जनू त्याला बादलीत बुडवेल. जनू म्हणाला, "करतो."

"जनू, डोकं ठिकाणावर आहे का?"

"लोक म्हनतात भावाला मारलंन. खोटं नाय. मंग एकदा सगल्यांना दाखवू, म्हंजे बोलायचे तरी थांबतील."

तो गादीसमोर उभा राहिला. बराच वेळ. व्यायामशाळेतला पोरगा तेव्हा तिथेच होता, तो ओरडला, "जनूदादा, गादी पलून चालली!" कोणी हसलं नाही. जनूने एकदाच मारलं. खांब हलला, वरच्या फळीवरचं एक घमेलं खाली पडलं. चेहरा तसाच, सुंभ भिजवताना असतो तो. मग तो बाहेर गेला आणि भिंतीशी वाकून भडाभडा ओकला.

"झालं," निरंजन हळूच म्हणाला. "मिळाला."

आता लोक मला फोनवर हळदीतल्या मारामाऱ्या दाखवतात. हल्ली हात पडला की पोरं आधी फोन काढतात, नंतर सोडवतात, किंवा सोडवत नाहीत. मला त्या चित्रांत काही दिसत नाही. डोकी हलतात, कोणीतरी किंचाळतं, चित्र तिरकं होतं. जवळून पाहिलेल्या माराला वास असतो, हे त्यात येत नाही. रक्ताचा वास ओल्या लोखंडासारखा असतो. भीतीचाही असतो, आंबट. आणि मार थांबल्यावर सगळ्यांना एकदम तहान लागते. इतक्या हळदी केल्या, मी भांडणानंतर कधी जेवण वाढायला सांगितलं नाही, पाणी वाढायला सांगितलं.

जनूने गादीला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी मोरेश्वर गोदामात आला. सायकल भिंतीला लावली, आत आला, चष्मा काढून खिशात ठेवला. मिटलेला डोळा मी प्रथमच उजेडात बघत होते. जनू शिडीवर होता. निरंजन कॅमेऱ्याशी.

"मारनारा कोन घेतलाव?" मोरेश्वरने मला विचारलं.

"भाऊ, बसा. चहा सांगते."

"चा नको. जनू हाय ना?"

निरंजन पुढे झाला. "आपण कोण?"

"मार खानारा," मोरेश्वर म्हणाला.

निरंजन चष्मा पुसायला लागला. जनू शिडीवरून उतरला, पण जवळ आला नाही. मोरेश्वर त्याच्याकडे न बघता निरंजनशीच बोलत होता, जसं दुकानात माल बदलून मागावा.

"तुमचं चुकलंय. मारायचं काम त्याने एकदा केलंय, सगल्यांनी बगितलंय. आता मारनाऱ्याचं काम मला पायजे. त्याला उबा करा मार खायला."

"मोरेश्वरभाऊ, हे काय बोलताय?" मी म्हटलं. "घरात लग्न आहे."

"म्हनूनच आलोय."

मी जनूकडे बघितलं. "तू बोल. नाही म्हण, मी आत्ता दार लावते."

जनूने खिशातलं सामान काढलं. बिड्या, काडेपेटी, सुंभ कापायची सुरी. माझ्या हातात दिलं. "धरा, वयनी." मग जाऊन गादीच्या खांबापाशी उभा राहिला, खांबाला पाठ न लावता. हात पाठीमागे घेतले.

"हात मोकले ठेव," मोरेश्वर म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेला हा पहिला शब्द. "बांधून मारल्यासारखं नको."

जनूने हात सोडले.

मोरेश्वरने अंगातला सगळा जोर काढून हात फिरवला आणि तो हवेतच गेला. जनूच्या नाकासमोरून, वीतभर अंतरावरून. तोल जाऊन मोरेश्वर दोन पावलं फरफटला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. चहाचा कप धरतानाही तो आधी टेबल चाचपायचा, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याचं त्याला बहुतेक त्या क्षणी कळलं. तो तसाच उभा राहिला, कान लाल. मला वाटलं, आता हा सुरी मागतो.

जनू एक पाऊल पुढे सरकला. भावाच्या हाताच्या टप्प्यात. म्हणाला, "हं."

पुढचा फटका बसला. कानाखाली बसला, आवाज कौलावर आपटून परत आला. तिसरा ओठावर. दात ओठात घुसला असावा, रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर उतरलं. मोरेश्वर मग उघड्या हाताने नव्हे, मुठीने मारायला लागला. छातीत, बरगडीत, पुन्हा तोंडावर. प्रत्येक फटक्यागणिक जनू मागे जायचा आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहायचा. मोरेश्वर तोंडाने काही बोलत नव्हता, नुसता घशातून आवाज येत होता, जड ओझं उचलताना येतो तसा. भुवई फुटली. जनूने रक्त पुसलं, कारण ते डोळ्यांत जात होतं. डोळा पुसताना बघून मोरेश्वर थांबला असता असं मला वाटलं. तो थांबला नाही. त्याने आणखी एक दिला, आणि जनू गुडघ्यांवर बसला.

मी मध्ये पडले नाही. लोक मला अजून विचारतात, का नाही पडलीस. मध्ये पडायचं ते नको असलेल्या मारात. हा मार दोघांना हवा होता.

मोरेश्वर एका पालथ्या टोपावर बसला. त्याची बोटं सुजली होती, ती त्याने काखेत दाबून धरली. मी दोघांना पाणी दिलं. आधी जनूला, कारण त्याच्या तोंडात रक्त साचलं होतं.

निरंजन कॅमेरा सोडून पुढे आला. "हाच," तो म्हणाला. "वहिनी, हाच माणूस. ठरलं. मोरेश्वरभाऊ, मुख्य भूमिका तुमची. सोमवारपासून सुरू करू."

मोरेश्वरने त्याच्याकडे वर बघितलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "काम? मला कुटं काम करायचंय? मला मारायचं होतं."

मग तो उठला, चष्मा लावला. दारापर्यंत गेला आणि मागे न वळता जनूला म्हणाला, "मंगलवारी मेढ हाय. सकाली ये. पिऊन येऊ नको."

सायकलची घंटी वाजवत गेला. समोर कोणी नव्हतं, तरी वाजवत गेला.

मी पहिली गोष्ट केली ती ही की कॅमेऱ्यातली कॅसेट काढून घेतली. निरंजन कळवळला. "वहिनी, असं पुन्हा कधीच मिळणार नाही. हा सिनेमा आहे, हाच सिनेमा आहे!" मी म्हटलं, सिनेमा असेल तर पुन्हा करून दाखवता यायला हवा. कॅसेट फोडून त्यातली फीत मी परसात वालाच्या वेलांवर ताणून बांधली. वाऱ्याने ती गुणगुणायची आणि उन्हात लकाकायची; त्या वर्षी पाखरांनी शेंगेला चोच लावली नाही. मुलगा चांगला होता निरंजन. जनूला रिक्षात घालून टाके घालायला तोच घेऊन गेला. पुढे त्याने मुंबईचा एक नट आणला. त्याने मारायच्या आधी तोंड वेडंवाकडं केलं असणार. चित्रपट पूर्ण झाला, कुठेतरी दाखवला, असं त्याने फोनवर कळवलं. मी काही बघायला गेले नाही.

राग निवला का, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. माफ केलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती फक्त जास्त सभ्यपणे टोचतात. मी त्या दोघांच्या पोटात शिरले नव्हते. मला दिसलं ते सांगते.

मंगळवारी सकाळी मोरेश्वरच्या अंगणात खड्डा खणून तयार होता. थंडी होती, बायका चुलीशी दाटीने बसल्या होत्या, हळदीचं ओलं वाटण पाट्यावर तसंच होतं. जनू आला. धुतलेला सदरा, भुवईला टाके, ओठ वांग्यासारखा. एक डोळा सुजून पुरता मिटलेला. योगायोगाने तोही डावाच. मोरेश्वरची बायको पदर तोंडाला लावून आत गेली आणि पाट घेऊन बाहेर आली. जनू बसला नाही. सरळ मेढीशी गेला. मोरेश्वरने खालचा भाग धरला, जनूने वरचा. उचलताना दोघांचाही पहिला प्रयत्न चुकला, मेढ खड्ड्याच्या काठावर आपटली. दोघांत मिळून चालते डोळे दोनच होते. आमचा एक गडी हात लावायला पुढे झाला, त्याला मी दंडाला धरून मागे ओढला. दुसऱ्यांदा मेढ बरोबर आत बसली.

सुजाता हळदीच्या हाताने पाया पडायला आली. वर बघून दचकली. काय घडलंय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि बापाची सुजलेली बोटं तिने अजून पाहिली नव्हती.

"काका, हे कसं लागलं?"

मेढ दोन्ही हातांनी धरलेली होती, तोंड झाकता येईना, म्हणून जनू तसाच, फाटक्या ओठाने बोलला. "शिनेमात काम केलं."

"शिनेमात? आनि हिरो कोन व्हता?"

जनूने हनुवटीने मेढीच्या पलीकडे दाखवलं. "तुजा बाप."

पलीकडून मोरेश्वर खेकसला, "बोलत काय बसलाव? माती लोटा."